किरणोपचारानंतरचा मेंदूचा एम.आर.आय. : वैद्यांनी काय पाहावे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. स्तनाच्या कर्करोगाचा मेंदूत प्रसार झालेल्या एका रुग्णेचे यजमान माझ्या पुण्यातील चिकित्सालयात एम.आर.आय.चा अहवाल घेऊन आले. रेडिओसर्जरीनंतर चार महिन्यांनी गाठ आधीपेक्षा मोठी दिसत होती. ‘‘डॉक्टर, किरणांचा काही उपयोग झाला नाही. आता तिकडचे सारे थांबवून तुमचेच औषध सुरू करतो,’’ असे ते म्हणाले. हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो आणि आपल्या उत्तरावर रुग्णाचे प्राण अवलंबून असू शकतात.

रेडिओसर्जरीत किरणांची मोठी मात्रा एक ते पाच बैठकांत नेमकी गाठीवर दिली जाते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात 1997 साली गामा नाइफ आले. तेव्हापासून हा उपचार महाराष्ट्रात परिचित आहे. परंतु किरण दिले त्या दिवशीच गाठ विरत नाही. पेशी मरतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते आणि शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट द्रव्य तेथे पाझरते. चित्रात ती जागा पांढरी चकाकते व भोवती सूज दिसते. वाढत्या गाठीचे चित्रही बहुधा असेच असते. अग्निकर्मानंतर दग्धस्थानी येणारा शोथ आपण मूळ व्याधीची वृद्धी मानत नाही. समजण्यापुरता हा दृष्टान्त येथे उपयोगी पडतो.

पहिल्या काही महिन्यांत दिसणारी अशी वाढ अनेकदा आभासी असते व ती आपोआप ओसरते. साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या काळात किरणजन्य ऊतिनाश संभवतो. त्यासाठी स्वतंत्र उपचार लागू शकतात. अर्थात, काही रुग्णांत गाठ खरोखरच वाढलेली असते. म्हणून अहवाल हाती आल्यावर पुढील बाबी पाहाव्यात.

1. किरणोपचाराची तारीख व जागा : किरण न दिलेल्या भागात नवी गाठ उगवली असेल, तर तो किरणांचा परिणाम म्हणता येत नाही.

2. डेक्सामेथासोनची मात्रा : हे औषध सूज व चकाकी दोन्ही कमी करते. मात्रा वाढवल्यावर चित्र सुधारले, तर गाठ बरी झाली असे समजू नये. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत म्हणूनच मापाबरोबर स्टिरॉइडची मात्रा व रुग्णाची अवस्थाही विचारात घेतली आहे.

3. तुलना : एका चित्रावरून निर्णय होत नाही. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने काढलेली सर्व चित्रे रुग्णाने जपून ठेवावीत व तज्ज्ञांना एकत्र दाखवावीत.

4. पूरक तपासण्या : परफ्यूजन चित्रात रक्तप्रवाह वाढलेला असल्यास जिवंत गाठीची, कमी असल्यास ऊतिनाशाची शक्यता अधिक. अमिनो आम्लाच्या पेट स्कॅनचाही उपयोग होतो. तरीही शंका उरल्यास ऊतिपरीक्षा करावी लागते. कधी दोन्ही अवस्था एकत्रही आढळतात.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनीही लक्ष द्यावे. डेक्सामेथासोन अचानक बंद केल्यास मेंदूची सूज उलटते आणि अधिवृक्क ग्रंथी काम न करू शकल्याने रुग्ण कोसळू शकतो. यष्टिमधूचा दीर्घ वापर स्टिरॉइडबरोबर झाल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. आकडीसाठी फेनिटोइन घेणाऱ्या रुग्णास ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून शंखपुष्पी देऊ नये. तिच्यामुळे फेनिटोइनची रक्तातील पातळी घटून आकडी पुन्हा येऊ शकते, हे मुंबईतील संशोधकांनी 1992 साली प्रसिद्ध केले आहे. वाढती डोकेदुखी, उलटी, आकडी, गुंगी किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

आमच्या रुग्णेस मी तिच्या तज्ज्ञांकडे परत पाठविले. परफ्यूजनमध्ये रक्तप्रवाह कमी आढळला आणि पुढील एम.आर.आय.त गाठ लहान झाली होती. यजमान पेढे घेऊन आले व श्रेय माझ्या चूर्णाला देऊ लागले. ते चूर्ण केवळ अग्निदीपनासाठी दिले होते; तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले. न केलेल्या कामाचे श्रेय आपण घेतले, तर त्यांच्या सांगण्यावरून येणारा पुढचा रुग्ण किरणोपचार सोडूनच आपल्याकडे येईल.