१९९८ ची ८०० की २०१० ची वॅगन-आर?

प्रश्न : बदलापूरच्या खरवईत राहतो. १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आणि २०१० ची के-सिरीज इंजिनाची वॅगन-आर, दोन्ही बजेटात बसतात. कोणती घेऊ?

उत्तर : वॅगन-आर घ्या, पण तळ पाहूनच. ‘८०० कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करतो, नव्या गाडीचा ईसीएम (इंजिनाचा संगणक) गेला की खिसा रिकामा’ हा आक्षेप रास्त आहे. उल्हास नदीच्या पुरात बुडालेल्या गाडीबाबत तर तो निर्णायक ठरतो. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. त्या वेळी ही वॅगन-आर कुठे उभी होती, हे मालकाला स्पष्ट विचारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली तर सौदा तिथेच सोडा. तळ कोरडा निघाला, तर मात्र ८०० चा साधेपणा पुरा पडत नाही. कार्ब्युरेटरचं मिश्रण एकदा बसवलेलं असतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर ते पातळ पडतं, जुने रबरी पाइप आणि वॉशरही खराब होऊ लागतात. वॅगन-आरचा ऑक्सिजन सेन्सर हा फरक बराचसा सावरून घेतो. शिवाय २० वर्षांवरच्या कारचं नोंदणी नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे. वॅगन-आरचीही १५ वर्षं भरली आहेत, म्हणून नूतनीकरण झालेलं आरसी पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.