एस्प्लनेडच्या पायाखालचा हिमालय : विदारण, झीज आणि संचयन

भूरूपशास्त्राचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे सामान्यतः दऱ्या, धबधबे, सुळके अशी ठळक दृश्ये उभी राहतात. कोलकात्यातील एस्प्लनेडच्या परिसरात यांपैकी काहीच आढळत नाही. किल्ल्यासमोर मुद्दाम मोकळे राखलेले सपाट मैदान, हाच या शब्दाचा मूळ अर्थ. प्लासीच्या लढाईनंतर नवा फोर्ट विल्यम किल्ला उभारताना सभोवतालची जंगले तोडून हे मैदान मोकळे करण्यात आले. तथापि बाह्यकारकांचे कार्य समजून घेण्यासाठी ही सपाट भूमीच अधिक उपयुक्त ठरते. कारण येथे पायाखाली जे आहे ते बव्हंशी इतरत्र झिजून आलेले आहे.

याची सुरुवात विदारणाने होते. हिमालयाच्या उंच भागात खडकांच्या भेगांत शिरलेले पाणी गोठते, आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते आणि खडक फोडते. हे कायिक विदारण होय. हवेतील व मृदेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते आणि ते फेल्डस्पारसारख्या खनिजांचे रूपांतर चिकणमातीत करते. हे रासायनिक विदारण होय. क्वार्ट्झ मात्र सहसा विरघळत नाही. तो वाळूच्या रूपाने शिल्लक राहतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना हीच प्रक्रिया घराजवळ पाहता येते. दख्खनच्या बेसॉल्टचे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटणारे गोळे, पठारावरील काळी मृदा आणि कोकणातील जांभा ही सर्व विदारणाचीच फळे आहेत. परीक्षेत वारंवार होणारी गल्लत येथेच टाळावी : विदारणात खडक जागच्या जागी कमकुवत होतो, तो पदार्थ वाहून नेला जाऊ लागला की झीज सुरू होते.

गंगा व ब्रह्मपुत्रा या नद्या मिळून दरवर्षी सुमारे १ अब्ज टन गाळ बंगालच्या खोऱ्यात आणतात. उतार कमी होताच नदीची वहनक्षमता घटते. प्रथम गोटे, नंतर वाळू व शेवटी चिकणमाती अशा क्रमाने संचयन होते. पुराचे पाणी काठ ओलांडते तेव्हा जाड गाळ काठालगतच पडतो व पूरतट तयार होतो. सूक्ष्म गाळ मात्र दूरच्या दलदलीपर्यंत पोहोचतो. जुने कोलकाता हुगळीच्या अशाच पूरतटावर वसले. त्यामुळे शहराचा स्वाभाविक उतार नदीकडे नसून पूर्वेकडील पाणथळ प्रदेशाकडे आहे, ही गोष्ट नवख्याला चमत्कारिक वाटते. शहराचे सांडपाणीही त्याच दिशेने जाते. पूर्व कोलकात्याच्या या पाणथळ भूमीला २००२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

एस्प्लनेडशेजारील फोर्ट विल्यम येथे १८३५ ते १८४० या काळात पाण्याच्या शोधार्थ ४८१ फूट, म्हणजे सुमारे १४७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. तळाशी खडक लागला नाही. चिकणमाती, वाळू, कुजलेल्या वनस्पतींचा पीट असे थर मिळाले, मात्र सागरी जीवांचे अवशेष आढळले नाहीत. शियालदह येथे एकोणिसाव्या शतकात तलाव खोदताना जमिनीखाली सुमारे ९ मीटरवर सुंदरी वृक्षांचे बुंधे उभ्या स्थितीत सापडले. सुंदरी हा भरती-ओहोटीच्या पातळीवर वाढणारा वृक्ष. तो समुद्रसपाटीखाली उभा सापडतो, यावरून त्याच्या काळानंतर समुद्रपातळी वाढली आणि गाळाच्या भाराने भूमीही खचली, हे ध्यानात येते. त्रिभुज प्रदेश टिकतो तो खचण्याच्या वेगाशी गाळाच्या पुरवठ्याने बरोबरी केली तरच.

अभियंत्यांना या थरांचा अनुभव प्रत्यक्ष आला. वरची तपकिरी चिकणमाती, तिच्याखाली कुजलेल्या लाकडाचे अंश असलेली मऊ करडी माती, मग चुनखडीचे खडे असलेली घट्ट माती व त्याखाली पाण्याने भरलेली वाळू, असा येथील सर्वसाधारण क्रम आहे. देशातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर (आजचे नेताजी भवन) या ३.४ किलोमीटर मार्गावर धावली. तिचे बांधकाम वरून चर खोदून, नंतर तो झाकून करण्यात आले होते. पूर्व-पश्चिम मार्गासाठी मात्र यंत्राने बोगदा खणला गेला. हुगळीच्या पात्राखालचा सुमारे ५२० मीटरचा टप्पा २०१७ मध्ये निर्विघ्न पार पडला. परंतु ३१ ऑगस्ट २०१९ रोजी एस्प्लनेडच्या पूर्वेस बहुबाजार येथे यंत्र जलधारक थराला भिडले. पाण्याबरोबर वाळू व गाळ बोगद्यात वाहू लागला, वरची जमीन खचली, घरांना तडे गेले, काही कोसळली आणि शेकडो रहिवाशांना घर सोडावे लागले. नदीखाली जे घडले नाही ते वस्तीखाली घडले. हावडा मैदान ते एस्प्लनेड हा टप्पा मार्च २०२४ मध्ये, तर एस्प्लनेड ते शियालदह हा टप्पा ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला.

गाळाचे कार्य जमिनीवर थांबत नाही. गंगेचा मुख्य प्रवाह काही शतकांपूर्वी पद्मेकडे वळल्यावर भागीरथी-हुगळी दुबळी झाली व तिच्या पात्रात गाळ साचू लागला. सरस्वती नदी उथळ झाल्याने सप्तग्राम बंदरही मागे पडले. कोलकाता बंदराचा गाळ धुऊन निघावा यासाठी १९७५ मध्ये फरक्का बंधारा कार्यान्वित झाला. सुमारे ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून गंगेचे पाणी भागीरथीत सोडले जाते. तरीही हुगळीतील गाळउपसा थांबलेला नाही. मालदा व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत काठाची झीज हा गंभीर प्रश्न आहे. तेथे काठाच्या तळाची सैल वाळू प्रवाहाने निघून जाते आणि वरची चिकणमाती आधार सुटून शेतांसह, घरांसह पात्रात कोसळते. तेथून सुटलेले कण पुढे एखाद्या चराच्या रूपाने वर येतात, काही हुगळीच्या तळाशी बसतात आणि उरलेले बंगालच्या उपसागराच्या तळाशी सुमारे ३,००० किलोमीटर पसरलेल्या, जगातील सर्वांत मोठ्या सागरी गाळपंख्यात जमा होतात.