अठ्ठ्यांची जोडीसुद्धा पॅक कर

अगं, मांडवीतल्या बोटीवर पोकरची टूर्नामेंट खेळायला गोव्याला निघालीस ना, मग समोरच्याने ‘ऑल-इन’ म्हटल्यावर काय करायचं ते आत्ताच बोलून घेऊ. तिथे छाती धडधडायला लागली की काही सुचत नाही. त्यात पैशांचे ऑनलाइन डाव ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाले, म्हणजे पूर्वीसारखा रोजचा सरावही नाही.

गोकुळाष्टमीच्या सुमारास आपल्या मुलुंड-घाटकोपरला घरोघरी तीन पत्ती रंगते. तुझा हात तिथेच बसलाय. तिथे जिंकलेले दहा रुपये हे दहा रुपयेच असतात, उचलून घरी जाता येतं. टूर्नामेंटच्या चिप्स अशा वटत नाहीत. बक्षीस मिळतं ते तू कितव्या नंबरापर्यंत टिकलीस त्यावर.

समज, चौघं उरलात आणि सगळ्यांकडे सारख्या चिप्स आहेत. बक्षिसं ५० हजार, ३० हजार आणि २० हजार, चौथ्याला भोपळा. म्हणजे आत्ता तुझ्या जागेची किंमत २५ हजार. एकाने सगळं पुढे सरकवलं, तू कॉल केलास, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्यास, आणि जिंकलीस. चिप्स दुप्पट झाल्या, पण किंमत ५० हजार नाही होत, साधारण ३८ हजार होते. कारण सगळ्या चिप्स जिंकल्यास तरी तुला पहिलंच बक्षीस मिळणार, बाकीची दोन इतरांची. आणि हरलीस तर हातात शून्य. ब्लाइंडच्या, म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने भरायच्या, चिप्स सोडून दे, पण २५ ला ३८ ने भागून बघ: शंभरात पासष्टहून जास्त वेळा जिंकणार असशील तरच कॉल परवडतो. चिप्सची अशी बक्षिसांत किंमत काढण्याला आयसीएम म्हणतात.

आता तुझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी आहे. समोरच्याने एक्का-राजा उघडे करून दाखवले, तरी तू जिंकतेस शंभरात पंचावन्नच्या आसपास. म्हणजे पुढे तूच आहेस, आणि तरीही पॅक! फार जिवावर येतं गं, पण करायचं. त्याच्याकडे दश्श्यांची जोडी निघाली तर जेमतेम वीस.

तेच समोरच्याकडे थोड्याच चिप्स असतील तर गोष्ट वेगळी. ब्लाइंड भरून भरून तो संपत आलेला असतो, कसल्याही पानांवर उडी मारतो, आणि हरलीस तरी तू खेळात राहतेस. तिथे अठ्ठ्या बिनधास्त लाव. आणि अगदी सुरुवातीला, बक्षिसं लांब असताना, नुसता पॉट, म्हणजे मधला ढीग, मोज: समोरच्याच्या चिप्ससकट आत १२ हजार, तुला भरायचे ८, म्हणजे शंभरात चाळीस पुरेत.

एक मात्र नक्की कर. डीलरला समोरच्याच्या चिप्स मोजायला सांग, तो तुझा हक्क आहे. तोवर बाकी दोघांकडेही बघ. एखाद्याकडे जेमतेम एक ब्लाइंड उरला असेल, तर त्याला आधी बाद होऊ दे. तू विचार करतेस म्हणून टेबलावरचे पुरुष उसासे टाकतील, ‘मॅडम, जल्दी’ म्हणतील. म्हणू देत.