जुन्या ट्रॅक्टरांची घराणी आणि त्यांची सोयरीक

जिंतूरपासून पार पालमपर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यात जुने ट्रॅक्टर अजून कामाला जातात. रोटाव्हेटरला नवी गाडी. पेरणी, मोगडणी, पाण्याची टाकी आणि मळणीयंत्राला जुनी, अशी वाटणी कितीतरी घरांत आहे. या गाड्या खोलण्यात आणि पुन्हा बांधण्यात माझं आयुष्य गेलं. लोक सगळ्यांत जास्त एकच गोष्ट विचारतात: "मिस्त्री, हिचा पार्ट मिळंल का?" त्या उत्तरासाठी गाडीचं घराणं माहीत असावं लागतं. तेवढं ठाऊक असेल तर जुना ट्रॅक्टर सहसा बसून राहत नाही.

1. आधी घराणं विचारा, मग भाव करा.

मॅसी 1035चं मूळ 1956च्या इंग्लिश फर्ग्युसन 35मध्ये आहे. मद्रासच्या टाफेनं ती इथे रुजवली. बी-275 इंग्लंडातल्या डॉनकास्टरची. 1963मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून तिच्यासाठी कंपनी काढली, ती 1977मध्ये महिंद्रात विलीन झाली. जुनी माणसं तिला अजून 'इंटरनॅशनल'च म्हणतात आणि ते बरोबर आहे, कारण पार्ट शोधताना तेच नाव कामी येतं. एचएमटी चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरची. फार्मट्रॅक 60च्या अंगात फोर्ड 3600चं रक्त. आयशर जर्मन घराण्याची, एअरकूल्ड. 1959मध्ये फरिदाबादला बनलेली, देशात तयार झालेल्या पहिल्या ट्रॅक्टरचा मान तिचा. आणि स्वराज 724 पूर्णपणे आपली: दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेली, 1974पासून पंजाबात बनलेली. स्वराजला किर्लोस्करची इंजिनं बसत आली, त्यामुळे किर्लोस्करच्या इंजिनांवर हात बसलेला मिस्त्री स्वराजला बिचकत नाही. मला या सगळ्यांत स्वराजचा अभिमान जास्त वाटतो, हे लपवत नाही.

2. आकडा तोच असला तरी इंजिन तेच असेल असं नाही.

जुन्या बी-275ला चार सिलिंडर होते, आजच्या 275 डीआय टीयूला तीन आहेत. दुकानात जाऊन "275चा हेड गॅस्केट द्या" म्हटलं तर दुकानदार तरी काय करणार? मॅसीतही तीच गत. 1035 डीआय आणि 241 डीआय, दोन्हींत सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन. पण एक 2400 सीसीचं, दुसरं 2500चं. नुसतं "सिम्पसन, तीन सिलिंडर" सांगून पिस्टन-लायनर मागू नका. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ग्रीस खरवडून, वायर ब्रशनं घासून तो वाचा आणि आरसी बुकाशी ताडून बघा. एमएच-22च्या पासिंगची गाडी असली तरी इंजिन मध्येच कधी बदललेलं असू शकतं. नंबर जुळला नाही तर इसार देऊ नका.

3. सूत आणि एमएम यांची गल्लत होऊ देऊ नका.

जुन्या गाड्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान मी इथंच पाहिलं. इंग्लंडातून आलेल्या घराण्यांचे, म्हणजे जुन्या मॅसी-इंटरनॅशनलचे बोल्ट बहुतेक इंची, सुताच्या मापाचे. झेटरच्या घराण्याचे एमएममध्ये. अडीच सुताचा बोल्ट 7.94 मिलिमीटर भरतो. शेजारी 8 एमएमचा ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण आटे वेगळे: अडीच सुती जाड आट्याला इंचात 18 फेरे असतात, 8 एमएमच्या नेहमीच्या बोल्टला 20च्या थोडे वर. त्यामुळे चुकीचा बोल्ट पहिले दोन-तीन फेरे हातानं अलगद जातो, मग अडतो. तिथं घाईत पान्याला पाइप घालून ओढला की बोल्टाचं काही जात नाही, हाऊसिंगचे आटे मात्र जातात. बिडाच्या हाऊसिंगला पुन्हा आटे पाडणं, बुश बसवणं हे लेथवाल्याचं काम, आणि पेरणीच्या तोंडावर लेथवाल्याकडे रांग असते. म्हणून बोल्ट हातानं शेवटपर्यंत जातो का, हे बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही. खोललेले बोल्ट ज्या-त्या भागाच्या डब्यात ठेवायचे, एका घमेल्यात ओतायचे नाहीत.

4. बेअरिंग आणि ऑइल सील यांना कंपनी नसते.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन कडेवरचा नंबर उजेडात धरून वाचा. 6205 असेल तर आतलं भोक 25 मिमी, बाहेरचा व्यास 52, जाडी 15. मग ते ट्रॅक्टरातून निघालेलं असो की पाण्याच्या मोटारीतून. नेहमीच्या मापांत शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की भोकाचं माप निघतं. सीलवरही बहुधा तीन आकडे असतात: शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी. ट्रॅक्टर कंपनीच्या डब्यातला पार्ट मिळत नाही म्हणून गाडी उभी ठेवायचं या दोन वस्तूंपुरतं तरी कारण नाही. आपल्या काळ्या रानातला चिखल हबच्या सीलला खातो, तेव्हा सील पावसाळ्याआधी बघून घ्या.

5. ट्रॅक्टरची मागची बाजू जवळपास सगळ्यांची एक.

हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची जोडणी जगानं उचलली, हे शेतकऱ्यावर मोठे उपकार आहेत. लहान-मध्यम ताकदीच्या गाड्यांत खालच्या पिना 22 मिमीच्या, वरच्या टॉप लिंकची 19ची. पीटीओ शाफ्ट सव्वा इंच आणि वर एक सूत, सहा खाचांचा, 540 फेऱ्यांचा. म्हणून मॅसीमागचा मोगडा स्वराजला लागतो आणि भावाचं मळणीयंत्र आपल्या गाडीवर चालतं. अवजार विकत घेताना मात्र पिना मोजा. मोठ्या अवजारांना खाली 28च्या पिना असतात.

6. जुन्या मॅसीची लिफ्ट बिघडली तर आधी ऑइल बघा.

तिचा हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सच्या मागे, त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला असेल तर लिफ्ट उचलणार नाही. तो दोष नव्हे, तशी रचनाच आहे. ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे. ते आधी बदला. नवा पंप घ्यायचा की नाही, हे नंतर ठरवा.

7. पंप आणि सेल्फ.

मायकोचा डिझेल पंप, लुकास टीव्हीएसचा सेल्फ अनेक घराण्यांत सापडतो. त्यावरची नंबरपट्टी फेकू नका, रंगवू नका.

8. एचएमटी भंगारात घालू नका.

झेटरनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला 2011, 3011, 4011 या तीन गाड्या एकाच विचारानं बांधल्या: दोन, तीन आणि चार सिलिंडर, पण बोअर 95 आणि स्ट्रोक 110 मिमी तिन्हींचा तोच. सुटे भाग वाटून घेण्याची इतकी साधी आणि शेतकऱ्याच्या सोयीची कल्पना दुसरी मला माहीत नाही. त्याच घराण्यातली 2511 एचएमटीनं पिंजोरला बनवली आणि ती आपल्याकडे कमी डिझेलात राबली. 2016मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद केला. कंपनीकडून नवा पार्ट आता येणार नाही. जे आहे ते आपल्या गोठ्यांत आणि वाड्यांत गंजत पडलेल्या गाड्यांत आहे. तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि विकायचीच असेल, तर भंगारवाल्याच्या काट्यावर घालण्याआधी हेड, क्रँक, गिअर आणि पंप काढून, ऑइल लावून, पोत्यात बांधून ठेवा आणि जवळच्या मिस्त्रीला तसं कळवा. दुसऱ्या कुणाची तरी एचएमटी त्यावर पेरणीला उभी राहील.