समानुभवींचा आधार : व्यसनमुक्तीसाठी निवासी केंद्र कसे निवडावे?

पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसरात गणेशमूर्तींच्या कारखान्यांत वर्षातील बराच काळ काम चालते. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे, कुंडलिकेच्या खोऱ्यात भातशेती आहे आणि डोंगरकडेला आदिवासी वाड्या आहेत. त्यांतील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांची वाट धरतात. या सर्वांच्या कामाचे स्वरूप निरनिराळे असले, तरी व्यसनाने घर मोडण्याची रीत सर्वत्र सारखीच असते. आधी मजुरी जाते, मग भांडीकुंडी जातात, मग मुलांची शाळा सुटते. अखेरीस एखादी माता किंवा पत्नी सरपंचांकडे, ग्रामसेवकांकडे अथवा मुलाच्या गुरुजींकडे येऊन म्हणते, “याला कोठेतरी नेऊन ठेवा.”

या विनवणीतील ‘कोठेतरी’ हा शब्द धोक्याचा आहे. योग्य केंद्र मिळाले तर माणूस उभा राहतो. अयोग्य केंद्र मिळाले तर उसनवारीचा पैसा जातो, उपचारांवरील विश्वास उडतो आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणून सल्ला देणाऱ्याने काय पाहावे, कोणते प्रश्न विचारावेत आणि कायदा काय सांगतो, याचा विचार येथे केला आहे.

व्यसन : दुर्गुण की आजार?

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात 10 ते 75 या वयोगटातील सुमारे 16 कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांचे मद्यपान अपायकारक किंवा परावलंबी स्वरूपाचे असून त्यांना मदतीची गरज आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. तेव्हा शपथा घालणे, मारहाण करणे किंवा लग्न लावून देणे हे त्यावरील उपाय नव्हेत. मधुमेहाप्रमाणेच हा दीर्घकाळ सांभाळावयाचा आजार आहे आणि त्यात उलटण्याचा संभवही असतो.

समानुभवी पद्धतीचा उगम

ज्याने व्यसन स्वतः भोगले आणि जो त्यातून बाहेर पडला, अशा माणसाला आपण ‘समानुभवी’ म्हणू. अशा व्यक्तीने दुसऱ्या व्यसनी माणसाला हात द्यावा, हे या पद्धतीचे मूळ सूत्र होय. 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन या शहरात दोन मद्यपी एकमेकांना भेटले. त्यांतील एक शेअर दलाल होता, तर दुसरा शल्यचिकित्सक. एकमेकांशी मोकळेपणाने बोलल्याने मद्यापासून दूर राहता येते, असा अनुभव त्यांना आला. त्यातूनच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. तेथे वर्गणी नाही आणि नाव उघड करण्याची सक्तीही नाही. मद्य सोडण्याची इच्छा एवढीच काय ती सदस्यत्वाची अट.

आपल्या राज्यात 1981 साली फादर ज्यो परेरा यांनी मुंबईत वांद्रे येथे ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले व या मार्गाला योगाभ्यासाची जोड दिली. पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. गर्दच्या व्यसनावरील डॉ. अनिल अवचट यांचे लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी या कार्याचा पाया घातला. येथील निवासी उपचार 35 दिवसांचा असतो. व्यसनातून बाहेर आलेले अनेकजण पुढे तेथेच कार्यकर्ते व समुपदेशक झाले आहेत. वैद्यकीय देखरेख आणि समानुभवींचा सहवास एकाच छपराखाली कसे नांदू शकतात, हे या संस्थेच्या वाटचालीवरून समजते.

या पद्धतीला संशोधनाचाही आधार आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यासांचा आणि 10,565 व्यक्तींचा विचार करण्यात आला. रुग्णाला समानुभवींच्या सभांशी शिस्तशीरपणे जोडून देणारे उपचार हे मद्यापासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरतात, असे त्यात आढळले.

परंतु याच पद्धतीचा एक विपरीत इतिहासही आहे. 1958 साली कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ नावाचा निवासी समुदाय निघाला. व्यसनी माणसांनीच तो चालवावयाचा होता. आरंभी त्याची फार वाहवा झाली. मात्र सर्व सत्ता संस्थापकाच्या हाती एकवटली, बाहेरची देखरेख उरली नाही आणि पुढे त्या समुदायाचा हिंसक पंथ बनला. 1978 मध्ये संस्थेविरुद्ध दावा चालवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. अनुभव हे मोठे बळ असले, तरी त्यावर तज्ज्ञांचा आणि कायद्याचा अंकुश हवाच, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

पहिली पायरी वैद्यकीयच

अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती एकाएकी बंद केली, तर काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. तीवर योग्य औषधे आणि ‘ब-1’ जीवनसत्त्व द्यावे लागते. अशा वेळी कोंडून ठेवणे किंवा थंड पाण्याने आंघोळ घालणे हे घातक होय. म्हणून प्रथम तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. पूर्वी झटके आले असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गर्द, अफू यांसारख्या पदार्थांच्या बाबतीत धोका निराळा असतो. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सोसण्याची शक्ती घटते. केंद्रातून परतलेल्या माणसाने मोहाच्या क्षणी जुन्याच मात्रेत पदार्थ घेतला, तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. ही गोष्ट रुग्णाला व कुटुंबाला घरी जाण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगणे हे केंद्राचे कर्तव्य आहे.

आणखी एक इशारा. ‘न कळत जेवणात कालवा, दारू सुटेल’ अशा जाहिराती गावोगावी दिसतात. डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाच्या नकळत दिले आणि त्यावर तो दारू प्याला, तर रक्तदाब एकदम उतरून प्राणावर बेतू शकते. असे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते.

केंद्र पाहताना विचारावयाचे प्रश्न

कुटुंबातील एकाने, शक्य तर गावातील एखाद्या जाणत्या व्यक्तीसह, केंद्र आधी समक्ष पाहून यावे. पुढील प्रश्न विचारावेत.

1. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे काय? प्रमाणपत्र पाहावयास मागावे.

2. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात? रात्री झटका आला तर रुग्णाला कोणत्या रुग्णालयात व कोणत्या वाहनाने नेले जाते?

3. समानुभवी कार्यकर्ते स्वतः किती वर्षे व्यसनमुक्त आहेत? त्यांना समुपदेशनाचे प्रशिक्षण मिळाले आहे काय? आपला अनुभव हीच सर्वांची वाट, असे मानणारा कार्यकर्ता नकळत अपाय करतो.

4. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे चालू ठेवली जातात काय? ‘आमच्याकडे गोळी चालत नाही’ असे अभिमानाने सांगणारे केंद्र टाळावे.

5. दिवसाचा क्रम कसा असतो? व्यायाम, गटसभा, वैयक्तिक समुपदेशन आणि विश्रांती यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात.

6. कुटुंबाला भेटता व दूरध्वनीवर बोलता येते काय? पत्नी व आईवडील यांच्यासाठी स्वतंत्र सभा होतात काय?

7. एकूण खर्च किती? त्यात औषधे धरली आहेत काय? पावती मिळते काय? रुग्ण मध्येच परतला तर उरलेली रक्कम परत मिळते काय?

8. घरी गेल्यावर पाठपुरावा कोण व किती काळ करतो? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय.

शंभर टक्के यशाची हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे. व्यसनमुक्तीत अशी हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. तसेच स्त्री रुग्णांसाठी स्वतंत्र निवास व स्त्री कर्मचारी आहेत काय, हे वेगळे विचारावे. स्त्रियांचे व्यसन लपवले जाते म्हणून ते नसतेच, असे नाही.

कायद्याचे संरक्षण

2017 च्या अधिनियमानुसार रुग्णाला क्रूर, अमानुष व अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण आहे. त्याला साखळीने बांधता येत नाही, सक्तीने डोके भादरता येत नाही, सक्तीने काम करून घेता येत नाही आणि त्याने केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. स्वेच्छेने दाखल झालेला रुग्ण सामान्यतः स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकतो. निर्णय घेण्यासाठी ज्याला फार मोठ्या आधाराची गरज आहे आणि ज्याच्यामुळे स्वतःला किंवा इतरांना गंभीर धोका आहे, अशा रुग्णाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येते. मात्र त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यवसायी यांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते. या दाखल्याची मुदत प्रथम 30 दिवसांपर्यंत असते. तेव्हा रात्री गाडी आणून माणसाला उचलून नेणारे केंद्र कितीही ‘खात्रीचे’ म्हणवत असले, तरी ते कायद्याबाहेर वागत असते. तक्रार असल्यास विधि सेवा समितीकडून विनामूल्य साहाय्य घेता येते.

परतीनंतरचे गाव

केंद्रातील 35 दिवस हा आरंभ असतो. खरी कसोटी गावात लागते. मूर्तीकारखान्यात हंगामाचा हिशेब मिळतो तो दिवस, कारखान्यातील रात्रपाळी संपते ती सकाळ, भट्टीवरील उचल हातात पडते तो आठवडा, हे मोहाचे क्षण आधीच ओळखून ठेवले पाहिजेत. रुग्णाच्या संमतीने मालकाने मजुरी थेट बँक खात्यात भरली, तरी पुष्कळ साधते. वाडीवरील मजुरासाठी महिनाभर केंद्रात राहणे म्हणजे महिनाभराची मजुरी बुडणे. तेवढे दिवस घरात धान्य आहे काय, हे ग्रामपंचायतीने व बचत गटाने पाहिले, तर तो उपचार अर्धवट टाकून येणार नाही.

शिक्षकांची भूमिका नाजूक असते. ज्या मुलाचे वडील केंद्रात आहेत, त्याची वर्गात वाच्यता होऊ नये. मात्र त्याची उपस्थिती, डबा आणि अभ्यास यांकडे लक्ष असावे. ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राच्या मदतीने परतलेल्या रुग्णांची साप्ताहिक सभा भरवण्यास शाळेतील किंवा समाजमंदिरातील एखादी खोली द्यावी. तेथे पदाधिकाऱ्यांनी भाषणे करू नयेत. बोलण्याचा मान समानुभवींचा आहे. एखादा पुन्हा प्याला, तर त्याला ‘वाया गेला’ म्हणून सोडून न देता लवकरात लवकर पुन्हा उपचाराकडे न्यावे.

मार्गदर्शनासाठी व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा 14416 हे विनामूल्य क्रमांक उपलब्ध आहेत. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर कायमचे लिहून ठेवावेत.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. 1960 साली चंबळच्या खोऱ्यात त्यांच्यापुढे डाकूंनी शस्त्रे ठेवली, ती माणूस पालटू शकतो या विश्वासामुळे. व्यसनी माणसाकडे पाहतानाही तोच विश्वास हवा. मात्र त्याला कोणाच्या हाती सोपवतो आहोत, याची चौकशी त्या विश्वासाइतकीच कसून केली पाहिजे.