दोन तक्त्यांची होडी

शिडाची होडी हौसेने चालविणे हा खेळ फार काळ सधन लोकांचा मानला जात असे. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. परंतु त्याचे दार कित्येक दशके युरोपीय लोकांपुरतेच उघडे होते. त्याच किनाऱ्यावर कोळी, खारवी व भंडारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या शीड हाकारीत होती, पण ती पोटासाठी. मुलांना खेळावयास स्वतंत्र होडी द्यावी, ही कल्पना त्या काळी कोणाच्याच आवाक्यातील नव्हती. ती कल्पना साध्य कशी झाली, याचा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. कारण त्यात पैशापेक्षा गावाच्या आस्थेचा भाग मोठा आहे.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे मुले बिनयंत्राच्या लाकडी गाड्या उतारावरून सोडून शर्यती खेळत आणि गावातील दुकानदार त्या गाड्यांचा खर्च उचलीत. मेजर क्लिफर्ड मॅके यांच्या मनात असे आले की, गाडीची शर्यत वर्षातून एखाद्या वेळी होते आणि तिला उतार लागतो. वारा मात्र रोज फुकट मिळतो. तेव्हा दुकानदारांनी गाडीऐवजी होडीचा खर्च का उचलू नये? १९४७ साली त्यांनी ही सूचना गावातील ऑप्टिमिस्ट क्लबपुढे मांडली. ऑप्टिमिस्ट म्हणजे आशावादी. हा क्लब नौकाविहाराचा नव्हे, तर मुलांसाठी काम करणाऱ्या नागरिकांचा होता. होडीचा खर्च पन्नास डॉलरांच्या आत राहावा, अशी अट ठरली.

होडी बांधणारे क्लार्क मिल्स यांनी ही अट मान्य केली. बाजारात मिळणारा प्लायवुडचा तक्ता आठ फूट लांब व चार फूट रुंद असे. दोन तक्त्यांत होडी बसवावयाची, म्हणजे तिची लांबी आठ फुटांपलीकडे जाणे शक्य नव्हते. पुढचे टोक अणकुचीदार केले असते तर आतील जागा घटली असती. म्हणून मिल्स यांनी नाळ सरळ कापल्यासारखी बोथट ठेविली. पाहणारास ती पेटीसारखी दिसते. दिसण्यात उणी, पण स्थिर. आणि बापाला मुलाबरोबर घराच्या पडवीत बसून जोडता येईल इतकी सोपी. तिला क्लबचेच नाव मिळाले. आजच्या ऑप्टिमिस्ट होडीची लांबी सुमारे २.३ मीटर आणि शिडाविना वजन ३५ किलो असते. एकच शीड, एकच सुकाणू व मध्ये पाण्यात उतरणारी एक उभी फळी, एवढाच तिचा संसार. पंधरा वर्षांपर्यंतचे मूल ती एकट्याने चालविते.

एकट्याने हा शब्द वाचून पालकांच्या मनात भीती उभी राहणे साहजिक आहे. आपल्याकडे पाण्याविषयी मुलांस बहुधा एकच धडा दिला जातो, तो म्हणजे ‘तिकडे जाऊ नकोस’ हा. मुले तरीही जातात, आणि चोरून जातात. हीच सर्वांत धोक्याची गोष्ट होय. नौकाविहाराच्या चांगल्या क्लबांत रीत नेमकी उलट असते. होडी उलटणारच, असे गृहीत धरून शिक्षणास आरंभ होतो. उथळ व शांत पाण्यात शिक्षकाच्या देखत मुलाने होडी मुद्दाम उलटवावयाची, मधल्या फळीवर भार देऊन ती सरळ करावयाची, आत चढावयाचे आणि दोरीने बांधून ठेविलेल्या भांड्याने पाणी उपसावयाचे. होडीत हवेच्या तीन पिशव्या घट्ट बांधलेल्या असतात, म्हणून ती पाण्याने भरली तरी बुडत नाही. यातूनच पहिला नियम निघतो: होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नये. पाण्यात एकटे डोके दुरून दिसत नाही, उलटलेली होडी मात्र दिसते.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्या मुलानेही घालावयाचेच असते. विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहणे शिकलेल्या माणसास त्याचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पाहावयाचे ते एवढेच, की जॅकेट अंगाबरोबर आहे काय. बंद आवळल्यावर खांद्याशी धरून वर ओढले असता ते कानापर्यंत सरकत असेल, तर ते मोठे आहे व पाण्यात निसटेल. याशिवाय मुलाजवळ शिटी असते आणि मुलांच्या ताफ्याबरोबर मोठ्या माणसांची मदतनौका असते. किनाऱ्यावर जातानाची व परततानाची हजेरी घेतली जाते. शाळेच्या सहलीत जी हजेरी कंटाळवाणी वाटते, तीच येथे प्राण वाचविते.

वाऱ्याची दिशा पाहणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. कोकणातील शिक्षकांस मतलई वारा परिचित आहे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या या वाऱ्यात काठाजवळचे पाणी शांत दिसते, आणि तीच फसगत होते. कारण तो वारा होडीला आत आत नेतो व परतीची वाट प्रतिकूल करून ठेवितो. नवशिक्यास अशा वेळी पाण्यात सोडीत नाहीत.

क्लिअरवॉटरची ही होडी १९५४ साली अक्सेल दामगार यांनी डेन्मार्कमध्ये नेली. तेथून ती युरोपभर पसरली. १९६५ साली तिची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि आज शंभराहून अधिक देशांत ती चालते. या प्रसारात मूळ हेतूला मात्र थोडा धक्का बसला. प्लायवुडच्या जागी काचतंतूंचे साचे आले, शर्यतीच्या होड्यांच्या किमती चढल्या आणि पडवीत होडी बांधणारा बाप मागे पडला. त्यावर उपाय पुन्हा स्थानिक क्लबांनीच केला. होड्या क्लबच्या मालकीच्या ठेवून त्या अनेक मुलांनी पाळीपाळीने वापरावयाच्या, हा तो उपाय होय.

यासाठी समुद्र असलाच पाहिजे असे नाही. मध्यप्रदेशातील देवास जिल्ह्याच्या एका खेड्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने भोपाळच्या तलावावरील शासकीय नौकाविहार शाळेत शिक्षण घेतले. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील आशियाई क्रीडास्पर्धांत मुलींच्या आयएलसीए-४ या प्रकारात तिने रौप्यपदक मिळविले. होडी, मार्गदर्शक व मदतनौका तिच्या घरच्यांनी विकत आणावयाची असती, तर हे घडणे कठीण होते.

ज्या गावी होडी नाही, तेथे शिक्षकांनी मुलांसाठी तराफा बांधू नये; तो उत्साह घातक ठरेल. धडा मात्र वर्गात व पटांगणात देता येतो. ओला चिंचोका अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दाबला असता तो बोटांच्या दिशेने न जाता पुढे सटकतो. शिडावरील वाऱ्याचा दाब व मधल्या फळीवरील पाण्याचा अवरोध यांच्या चिमटीत सापडून होडीही अशीच पुढे सरते. थेट वाऱ्याच्या तोंडी तिला जाता येत नाही. वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून, एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे वळत ती नागमोडी जाते. पटांगणात फक्कीने वाऱ्याचा बाण काढावा, त्याच्या उगमाशी एक दगड ठेवावा आणि मुलांस होडी बनून त्या दगडापर्यंत जावयास सांगावे. जो मूल बाणावर सरळ तोंड करील, त्याने तेथेच थांबावयाचे. बाकीच्यांची पावले मोजून कोणी किती वळणे घेतली, ते फळ्यावर लिहावे. चौथीच्या मुलांस त्यातून कोनाचा व अंतराचा हिशेबही करता येतो.