मापांची वही आपल्या घरी असू दे

अगं, ॲडोबीच्या लाइटरूमचा प्लॅन संपत आलाय, पुन्हा भरू की बंद करू, असं विचारलंयस. भरायचा तर खुशाल भर. लग्नाची, मुंजीची, डोहाळजेवणाची ऑर्डर दर महिन्याला हातात असेल, तर त्या पैशांचं चीज होतं. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली हळदीचा रंग आणि नवरीच्या चेहऱ्याचा रंग एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे काढायचं काम हे सॉफ्टवेअर सुरेख करतं. मला काळजी वाटते ती वेगळीच. ज्या दिवशी पैसे भरणं थांबवशील, त्या दिवशी तुझ्या फोटोंचं काय?

‘कॅमेऱ्यातून आलेल्या रॉ फाइल तर माझ्याच हार्डडिस्कवर आहेत ना, ताई,’ असं तू म्हणशील. आहेत. पण रात्र रात्र जागून केलेलं एडिटिंग त्या फाइलमध्ये नाहीच. लाइटरूम क्लासिक रॉच्या चित्राला हात लावत नाही. उजेड किती वाढवला, सावल्या किती उघडल्या, फोटो कुठे कापला, हे सगळे आकडे ते आपल्या कॅटलॉगमध्ये लिहून ठेवतं आणि फोटो दाखवताना दर वेळी त्यावर चढवतं. कापड तुझं आणि मापं शिंप्याच्या वहीत, असा हा प्रकार. वर्गणी संपली तरी क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्सपोर्टही करता येतात. डेव्हलप विभागाला मात्र कुलूप लागतं. केलेलं काम तिथेच गोठतं. क्लाउडवाल्या लाइटरूममध्ये तर मूळ फोटोही ॲडोबीकडेच असतात. तिथे काही ठेवलं असशील, तर वर्गणी चालू आहे तोवर सगळं आपल्या डिस्कवर उतरवून घे.

पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की झालं, असं होतं. २०१३च्या मे महिन्यात ॲडोबीने जाहीर केलं की नवं फोटोशॉप यापुढे फक्त वर्गणीवर मिळेल. २०१२चं सीएस६ हे विकत मिळणारं शेवटचं. लाइटरूमची तशी शेवटची आवृत्ती सहावी, २०१५ची. पण विकत घेतलेलंही कायमचं टिकत नाही, बयो. ॲपलचं ॲपर्चर लोकांनी रोख पैसे मोजून घेतलं होतं. जून २०१४मध्ये ॲपलने त्याचं काम थांबवल्याचं सांगितलं, आणि मॅकच्या मोहावे या आवृत्तीनंतर ते चालेनासंच झालं. पिकासा तर फुकट होतं. २०१६मध्ये गूगलने तेही बंद केलं. त्यात केलेले बदल आजही कितीतरी फोल्डरांत बारीकशा आयएनआय फाइलींमध्ये पडून आहेत, आणि दुसरं सॉफ्टवेअर सहसा त्यांच्याकडे बघतही नाही. म्हणून म्हणते, पैसे भरलेले असोत वा नसोत, कुठल्याच सॉफ्टवेअरच्या आयुष्याला फोटोचं आयुष्य बांधू नकोस.

आता हे एवढं आज रात्रीच कर. क्लासिकच्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या पानावर, बदल आपोआप एक्सएमपीमध्ये लिहायची चौकट आहे. तिथे टिक कर. मग रॉ फाइलच्या शेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल दिसू लागेल. ती नोटपॅडमध्ये उघडून बघच. साध्या अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं: एक्सपोजर इतका, हायलाइट्स इतके, व्हाइट बॅलन्सचं तापमान इतकं, किती स्टार दिलेस तेही. वही आपल्या घरी आली म्हणायची. मात्र व्हर्च्युअल कॉपी आणि कलेक्शन त्यात येत नाहीत, म्हणून कॅटलॉगचाही बॅकअप ठेव. आणि हे आकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर त्यातलं थोडंफार उचलतं, बाकीचं सोडून देतं, कारण प्रत्येकाचं आतलं गणित निराळं.

तेव्हा खरी शाश्वती एकच: झालेलं काम पक्क्या चित्रात उतरवून ठेवायचं. अल्बमसाठी निवडलेले फोटो १६-बिट टिफमध्ये काढ. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो न आवळता ठेवला, तर साधारण १४४ एमबी भरतो, त्यामुळे सरसकट सगळ्यांचं टिफ करायला जाऊ नकोस. उरलेल्यांचं पूर्ण आकाराचं, वरच्या क्वालिटीचं जेपीईजी पुरे. हे दोन्ही प्रकार इतकी वर्षं रुळलेत आणि इतक्या सॉफ्टवेअरना कळतात की कुणा एकाच्या मर्जीवर ते अवलंबून नाहीत. रॉसाठी डीएनजीही चांगलं. ते २००४मध्ये ॲडोबीनेच काढलं, पण त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. तरी मूळ रॉ पुसू नकोस. आणि घरच्यांना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत ही ठेवायची प्रत नाही. ती आवळलेली असते, आतली कॅमेऱ्याची माहितीही गेलेली असते.

एक गोष्ट मला एडिटिंगपेक्षाही मोलाची वाटते: नावं. काकूच्या मंगळागौरीच्या त्या फोटोत फुगडी घालणाऱ्या दोघी कोण, हे आज आईला विचारलं तर कळेल. कॅप्शनच्या रकान्यात गाव, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे नावं लिहून ठेव. हा मजकूरही एक्सएमपीमध्ये जातो, आणि एक्सपोर्ट करताना मेटाडेटा ‘सगळा’ ठेवलास तर जेपीईजीच्या पोटातही बसतो. तिथला कॅप्शन मात्र कुठलंही चांगलं सॉफ्टवेअर वाचतं. फोल्डरला ‘न्यू फोल्डर’ म्हणू नकोस. आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग.

प्रतींचं म्हणशील, तर पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशेब मला पटतो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पेनड्राइव्ह किंवा एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना कपाटात ठेवू नकोस, त्यातला डेटा हळूहळू जाऊ शकतो. हार्डडिस्कही अधूनमधून लावून, दहा-वीस फाइली उघडून बघावी.

ऑर्डरी कमी झाल्या, तर प्लॅन बंद करायला मुळीच कचरू नकोस. डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम ही तिन्ही फुकट आहेत आणि मनापासून केलेली आहेत. सुरुवातीला हात अडखळेल, पुढे बसेल.

तर प्लॅनची शेवटची तारीख मला कळव. त्याआधी आजीचे फोटो पहिले काढ, मग ताईआत्याच्या साठीचे, गिऱ्हाइकांचे त्यानंतर. एक्सपोर्ट झालं की त्यातली एक डिस्क माझ्याकडे पाठवून दे. तुझी घराबाहेरची प्रत माझ्याच कपाटात राहील, आणि दर दिवाळीला ती लावून बघायचं काम माझं.